बारा वर्षांचं भेव

आमच्या ले-आउटमधले, म्हणजे वस्तीतले, लोक मले विचारायले येतात, काकू, वरचा माळा बांधून भाड्यानं द्यावा म्हणतो, कसं करू? मी पहिले विचारते, तुले माणसाचं भेव वाटते काय? वाटत असन तं माळा बांधू नको, पैसे बँकेत टाक अन् व्याज खात बस. भेकड माणसानं घरमालक होऊ नये. तो स्वतः झोपत नाही अन् भाडेकरूलेही झोपू देत नाही.

बाकीचं मी फुकटात सांगते. जिना बाहेरून काढा, नाही तं जन्मभर एकमेकांच्या चपला पाहत बसान. लाइटचं मीटर वेगळं घ्या. संडास-बाथरूम वर वेगळं बांधा, तिथं कंजूसी नको. माणूस ठेवायच्या आधी त्याच्या घरमालकाले फोन करा, पण आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या. आत्ताचा तं त्याले घालवायसाठी चांगलंच सांगन. पोलीस ठाण्यात माहिती द्या. कागद करा, अन् कागदाची मुदत संपली की पुन्हा करा. ही शेवटची गोष्ट सांगताना माही जीभ अडते, काहून की इथंच मी चुकली होती.

मी मनकर्णा. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, अर्धी नोकरी सावनेर तालुक्यातल्या खेड्यांत गेली. मानेवाड्याच्या पुढं हा प्लॉट घेतला तेव्हा इथं तुरीचं वावर होतं. प्लॉट माह्या पगारातून, माह्या नावावर. घरही तसंच. आमचे मालक, म्हणजे माहा नवरा, चंपतराव भला माणूस, कागदावर माहंही नाव टाक असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते गेल्याले नऊ वर्षं झाली. खाली मी, माहा पोरगा सुशील, सून प्रीती अन् नात भूमिका राहतो. वरच्या दोन खोल्यांत गोपिका.

गोपिका नरखेडकडची. नवऱ्यानं तिले सोडलं की तिनं त्याले, मी विचारलं नाही, भाड्याचा अन् त्याचा काही संबंध नाही. आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक, एक शेगडी अन् स्वयंपाकाचे दोन मोठे गंज होते. पहिल्या महिन्यात तिच्याकडं जेवणाचे सात डबे लागले. आता चाळीसच्या वर जातात, शिकायले आलेली पोरं, बँकेतले दोघं-तिघं, एक डोळ्याचे डॉक्टर. गुरुवारी पातोडीचा रस्सा करते तं अर्धं ले-आउट नाक वर करून फिरते. भाडं पाच तारखेच्या आत माह्या खात्यात, सणवार असो की ताप असो.

तिचा कागद मी पहिली तीन वर्षं बरोबर केला. मंग आमचे मालक आजारी पडले, दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, अन् कागद राहिला तो राहिलाच. तिनं आठवण दिली नाही, मले आठवण झाली नाही. दोघी एकमेकींच्या शब्दावर नऊ वर्षं राहिलो. राहता येते तसं, पण ते बरोबर नाही. आता मी कोणालेही सांगते, शब्दाच्या माणसासंग तं कागद पहिले करा.

आता भैय्याजीची गोष्ट सांगते. हे आमच्या मालकांचे चुलत भाऊ, ले-आउटच्या कमिटीचे अध्यक्ष. तीन भाडेकरू ठेवतात अन् तिघांचंही भेव बाळगतात. भाडेकरू बारा वर्षं एका घरात राहिला की घर त्याचं होते, असं त्यांच्या डोक्यात कोणी तरी भरून दिलं, अन् त्यांनी ते अर्ध्या ले-आउटच्या डोक्यात भरलं. त्यावर त्यांचा उपाय असा की दर अकरा महिन्यांनी भाडेकरूनं आपली खाट, गॅसचं सिलिंडर अन् कपड्यांची पेटी रस्त्यावर आणून ठेवायची. भैय्याजी त्या दिवसाचा पेपर खाटेवर ठेवतात अन् मोबाइलमध्ये फोटो काढतात. म्हणजे राहण्यात खंड पडला म्हणे. दुपारी जेवणाच्या टायमाले सामान परत आत. आमच्याकडं याले ‘खाट काढणं’ म्हणतात, अन् चांगले शिकलेले लोक हे करतात. मागच्या वर्षी एका मास्तरची बायको, आठवा महिना लागलेला, भर उन्हात त्या खाटेवर बसून होती. मी तिले घरी आणून पंख्याखाली बसवलं तं भैय्याजी म्हणतात, वहिनी, फोटोत भाडेकरू पाहिजे ना. मी म्हटलं, तुम्ही बसा खाटेवर, फोटो मी काढते.

मी गोपिकाची खाट कधी काढली नाही. तेच सुशीलच्या डोक्यात बसलं.

सुशील मोटरसायकलच्या शोरूमवर कामाले आहे. वाईट पोट्टा नाही, दारू नाही, पत्ते नाही. पण दुसऱ्यानं उभं केलेल्या जागेवर आपण मोठं काही करावं, याची त्याले लय घाई. एप्रिल लागला होता. सकाळी चहा पिताना म्हणला, “आई, जूनमध्ये वरच्या बाईले बारा वर्षं होतात.”

“मंग? वाढदिवस करायचा काय?”

“मजाक नको करू. भैय्याजी काका सांगत होते, जुन्या शहरात, महाल भागात एका बुढ्याचं घर असंच गेलं.”

“कोणाचं? नाव सांग.”

“नाव मले काय माहीत?”

“तं त्या बुढ्याले शोधून काढ, विचारून ये, मंग मले सांगजो.”

त्यानं कप खाली आपटला. तिले घर खाली करायले सांग म्हणला, मी वर पोरांचं पीजी टाकतो, दोन खोल्यांत आठ खाटा बसतात, तिच्या चौपट पैसा येईन. अन् मंग हळूच, बिस्कीट चहात बुडवत म्हणला, “त्यापेक्षा असं कर. घरच माह्या नावावर करून दे, बक्षीसपत्र. तुले या वयात कटकट कशाले?”

“वय माहं आहे,” मी म्हटलं, “कटकटही माहीच राहू दे.”

प्रीती ओट्यापाशी भूमिकाचा डबा भरत होती. ती एक शब्द बोलली नाही. प्रीती तशी बोलतच नाही. समोरच्या खोलीत तिची शिलाई मशीन आहे, ब्लाउज शिवते, चार पैसे कमावते अन् गप राहते. मले वाटे, सून समजदार आहे.

त्याच आठवड्यात माही बहीण इंदूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी चार दिवस काटोलले गेली. परत आली त्या दिवशी डोक्यावर ऊन असं की बसमधून उतरताना दांड्यानं हात भाजला. घरी येऊन पाहते तं गोपिका जिन्यावर बसली, दोन्ही बाजूले पाण्याच्या कॅना, अन् तिले उठता येईना.

“काय वं, हे काय?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “काही नाही काकू. वर पाणी नाही.”

“कधीपासून?”

“तीन दिवस झाले.”

खालच्या टाकीतून वर पाणी चढवायची मोटर जिन्याखालच्या लोखंडी पेटीत आहे. पेटीले मी कधी कुलूप लावलं नाही. आज नवं कोरं कुलूप लटकत होतं. मले समजायले वेळ लागला नाही. चाळीस डब्यांचा स्वयंपाक, एवढी भांडी, अन् बाई चौकातल्या नळावरून कॅना भरून एकेक पायरी चढून राहिली.

“मले फोन काहून नाही केला?”

“पोरगा तुमचा आहे काकू. मी काय बोलू?” ती म्हणली. “काल बेसाले जाऊन एक खोली पाहून आली. पण तिथले म्हणतात, डब्याचा धंदा चालणार नाही, गॅसचं मोठं सिलिंडर चालणार नाही. चौदा डबे तं बंदही झाले. लोक तरी किती वाट पाहतीन. हे हातचं गेलं तं मी पुन्हा सातपासून सुरू करू काय, या वयात?”

“अन् प्रीती? तिनं तरी मले सांगायचं.”

गोपिका खाली पाहत बसली. मंग सांगतलं तिनं. प्रीती रोज पहाटे खालच्या मोरीतून दोन बादल्या वर नेऊन देत होती. काल सुशीलनं पाहलं. तो म्हणला, लय पुळका आला असन तं तूही निघ माह्या घरातून, तिच्यासंगच.

मी ते ऐकलं, पण माहं डोकं त्या कुलपावर होतं. आत गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलला, अन् पेटीसमोर येऊन बसली. पहिल्या दोन घावांत काही झालं नाही. तिसऱ्यात कुलूप तुटलं. आजूबाजूच्या गच्च्यांवरून बाया पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, पाहा वं, चांगलं पाहा, मनकर्णानं आपल्याच घराचं कुलूप तोडलं, भैय्याजीले जाऊन सांगा. मोटर सुरू केली. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा गोपिका रडली. मी म्हटलं, रडणं मंग, पहिले गंज धू.

त्या दिवशी सुशील घरी आला तं मी त्याले काही म्हटलं नाही. त्याले वाटलं, बुढी शांत झाली. मी शांत नव्हती, मले आधी खरं काय ते माहीत करून घ्यायचं होतं. राग लय कामाचा असते, पण अर्धी माहिती घेऊन केला तं आपलंच हसं होते.

दुसऱ्या दिवशी मी कुसुमताईकडं गेली. कुसुमताई वकील आहे, कोर्टाच्या समोरच्या गल्लीत तिची बसायची खोली. तिचं पहिलं लेकरू माह्या हातावर झालं, म्हणून माह्याशी खरं बोलते. मी सगळं सांगतलं, कागद केला नाही तेही सांगतलं, लाज सोडून.

तिनं पहिले मलेच झापलं. “नऊ वर्षं कागद नाही? काकू, तुम्ही लोकांना सुया टोचायचात तेव्हा नोंद करायचात ना? मग इथं काय झालं?”

“चुकलं वं. आता सांग, घर जाते काय?”

“नाही जात. जी बाई दर महिन्याला तुम्हाला भाडं देते, ती दर महिन्याला कबूल करते की मालक तुम्ही आहात. ती बारा काय, चाळीस वर्षं राहिली तरी या कारणानं मालक होत नाही. ते बारा वर्षांचं जे आहे ना, ते वेगळ्यासाठी. कोणी तुमच्या जागेत बसून उघड सांगतो की ही माझी आहे, तुमचं काही चालणार नाही, आणि तुम्ही माहीत असून बारा वर्षं गप्प बसता, तेव्हाची ती गोष्ट. खाट रस्त्यावर आणून फोटो काढल्यानं कोणाचं घर वाचत नाही, फक्त खाट उन्हात तापते.”

मले तिथंच हसू आलं.

“हसू नका,” कुसुमताई म्हणली. “पाणी तोडणं हा गुन्हा आहे. भाडेकरूला काढायचं असेल तर रीतसर काढता येतं, पाणी-लाइट तोडून नाही. गोपिकानं तक्रार केली तर ती तुमच्यावर येईल, तुम्ही मालकीण. मुलानं केलं हे नंतर सांगत बसाल.” मंग चष्मा काढून तिनं विचारलं, “बरं, खाली कोण राहतं? मुलगा? काही देतो?”

“नाही.”

“काही लिहून?”

“पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं वं?”

“लोकांसमोर घराला माझं घर म्हणतो का?”

काल ऐकलेलं तेव्हा कुठं कानात शिरलं. माह्या घरातून निघ. माह्या. पगार माहा, प्लॉट माहा, विटा मोजून घेतल्या मी, अन् हा माह्या सुनेले ‘माह्या घरातून’ काढून राहिला.

“तोही काही मालक होत नाही असा,” कुसुमताई म्हणली, “तुमच्या परवानगीनं राहतो तो. पण काकू, तुम्ही भाडं देणारीला घाबरायचं आणि फुकट राहून ‘माझं’ म्हणणाऱ्याला चहा द्यायचा, हे मला पटत नाही.”

मलेही पटलं नाही. मी म्हटलं, दोन कागद कर.

रविवारी सकाळी सुशील स्वतःच भैय्याजीले घेऊन आला. आईले समजावून सांगा म्हणून. मी अंगणात खुर्च्या टाकल्या, प्रीतीनं चहा आणला. भैय्याजीनं गळा साफ केला अन् महालातल्या त्या बुढ्यापासून सुरू केलं. मी बोलू दिलं. मंग दोन कागद समोर ठेवले.

“हा गोपिकाचा. तीन वर्षांचा, रजिस्टर होईन. मोटरच्या पेटीले तिच्याशिवाय कोणी कुलूप लावणार नाही, तेही लिहिलं. अन् हा खालच्या घराचा. माही खोली सोडून बाकीची जागा. यावर सुशील, तुही सही लागते.”

सुशील हसला. मंग त्यानं कागद वाचला अन् त्याचं हसणं गेलं. “मी? भाडेकरू? सख्खा पोरगा?”

“सख्खा आहे म्हणून भाडं कमी लावलं.”

“वहिनी, हे शोभते काय?” भैय्याजीचा चहा बशीत सांडला. “लोक काय म्हणतीन? पोटचा पोरगा कुठं भाडेकरू असते?”

“भैय्याजी, हिशोब तं तुमचाच आहे,” मी म्हटलं. “जो बारा वर्षं राहिला त्याचं घर. सुशील पंचवीस वर्षांपासून इथं राहून राहिला, अन् त्याची खाट आपण एकदाही काढली नाही. म्हणजे तुमच्या हिशोबानं तो दोनदा मालक झाला. मंग मी कोण? उद्यापासून मी कुठं राहू, तेवढं कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरवून द्या.”

“माहं म्हणणं तसं नव्हतं वहिनी.”

“मंग कसं होतं? परक्या बाईले एक कायदा अन् पोराले दुसरा? काहून गा सुशील, गोपिका दर महिन्याले मले म्हणते, काकू, घर तुमचं आहे. तू कधी म्हटलं? या बाईनं बारा वर्षांत मले एकदा उलटं उत्तर दिलं नाही, अन् तू तिचं पाणी तोडलं, एप्रिलच्या उन्हात. मी आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन सांगत फिरली, पाणी पाजा, पाणी पाजा. अन् माह्याच घरात पाण्याले कुलूप. मले तुही लाज वाटली, ऐक, सगळ्यांसमोर सांगते, मले तुही लाज वाटली.”

सुशीलचं तोंड लाल झालं. “तू त्या बाईसाठी मले घराबाहेर काढून राहिली.”

“मी कोणालेच काढून राहिली नाही. सही कर अन् राहा. नाही करायची तं दुसरीकडं खोली पाहा, तिथंही तुले सही करावीच लागन. जगात सगळेच करतात.”

“मी सही करणार नाही. पाहतो, मले कोण काढते.” त्यानं गाडीले किक मारली अन् गेला. भैय्याजी अर्धा चहा तसाच ठेवून उठले अन् फाटक उघडंच टाकून गेले.

खोटं काहून सांगू, ते गेल्यावर मले रडू आलं. पोराले असं बोलायले कोणाले आवडते? पण एक अक्षरही परत घ्यावं असं वाटलं नाही. मी तिथंच बसून राहिली.

प्रीती कप उचलायले आली. गळ्यात शिलाईचा टेप तसाच होता. कप उचलले नाही तिनं. खुर्चीवर बसली, भैय्याजीच्या. माह्यासमोर ती खुर्चीवर बसल्याचं मले आठवत नाही.

“आई,” ती म्हणली, “त्यांची सही राहू द्या. हा कागद माह्या नावानं करा.”

मले समजलंच नाही. “तुह्या नावानं काहून?”

“भाडं मी देईन. मशीनचे येतात, त्यातून देईन. पण कागदावर माहं नाव पाहिजे.”

मले लागलं ते. पोराचं लागलं नव्हतं एवढं लागलं. “मी तुले कधी घराबाहेर काढीन असं वाटते काय वं तुले?”

“तुम्ही नाही काढणार,” ती म्हणली. “पण तुम्ही कुठवर पुरान, आई? मी चौदा वर्षांपासून इथं राहते, ते तुम्ही सगळे ‘राहा’ म्हणता म्हणून राहते. बापाच्या घराच्या कागदावर भावांची नावं. इथल्या कागदावर तुमचं, उद्या त्यांचं. गोपिकाताईले काढायचं तं तुम्ही म्हणता, रीतसर काढा, नोटीस द्या. मले काढायले तेवढंही लागत नाही, नुसतं ‘निघ’ म्हणलं की झालं. तीनदा म्हणलं त्यांनी. पहिल्यांदा भूमिका सहा महिन्यांची होती.”

मी कागदाची घडी सरळ करू लागली.

“तुम्हाले माहीत आहे,” ती म्हणली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. “भिंत पातळ आहे.”

माहीत होतं. भूमिका लहान होती तेव्हाचं मी ऐकलं होतं. दिवाळीच्या आधीचंही ऐकलं होतं. अन् मी काय केलं, सांगू? टीव्हीचा आवाज वाढवला. नवरा-बायकोच्या मधात कशाले पडायचं म्हणून. परक्या बाईच्या पाण्यासाठी वरवंटा घेऊन बसणारी मी, माह्या सुनेच्या वेळेस रिमोट शोधत बसली. एवढी लाज मले जन्मात वाटली नाही. तिच्या गप राहण्याले मी समजदारी म्हणत होती, अन् ती बिचारी जागा नसलेल्या माणसासारखी पाय आखडून राहून राहिली होती.

मी पेन घेतला अन् कागदावरचं सुशीलचं नाव खोडलं. “भाडं किती देशीन?”

तिनं आकडा सांगतला. लय सांगतला, मी कमी केला. ती म्हणली, कमी नको, कमी केलं तं लोक म्हणतीन नावाचाच कागद आहे. मी म्हटलं, तं मंग पुरं दे, पाच तारखेच्या आत. मले सवय आहे त्याची.

“देईन,” ती म्हणली.

मंगळवारी आम्ही तिघी कुसुमताईकडं गेलो. सुशील दोन दिवस मित्राकडं राहून घरी आला होता, जेवून झोपून जात होता, कोणाशी बोलत नव्हता. आम्ही कुठं चाललो ते त्याले सांगतलं होतं मी. लपवायचं काय त्यात?

पहिले गोपिकाचं झालं. ठसा घ्यायच्या मशीनवर तिचा अंगठा उमटेना, भांडी घासून घासून रेघा गेल्या. चार वेळा पुसला, चौथ्यांदा उमटला. ती म्हणली, काकू, आता मी मोठी शेगडी घेते. बंद झालेल्या चौदांतले नऊ डबे परत आले होते. मी म्हटलं, घे, पण वरच्या ओट्याची फरशी फुटली तं भरून देजो.

मंग प्रीती. कुसुमताई एकेक रकाना वाचून भरत होती. देणार मनकर्णा, घेणार प्रीती. मुदत तीन वर्षं. मधात सोडायचं किंवा सोडवायचं तं तीन महिन्यांची लेखी नोटीस, दोन्ही बाजूंनी. प्रीती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होती, ब्लाउजचं माप घेते तशी, घाई नाही.

“सोबत राहणारे?” कुसुमताईनं विचारलं. “मुलगी भूमिका, लिहिलं. नवऱ्याचं नाव टाकायचं ना?”

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. निंबाखाली सुशील गाडी लावून उभा होता. कधी आला माहीत नाही. वर यावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं, हेल्मेट या हातातून त्या हातात करून राहिला होता.

प्रीतीनं माह्याकडं पाहलं. तो माह्या पोटचा आहे. मी एक शब्द बोलली असती तं तिनं नाव टाकलं असतं, एवढी ती मले मानते. मी बोलली नाही. घर तीन वर्षांसाठी तिले दिलं होतं, त्यात कोण राहीन ते तिनं पाहावं.

“ती जागा सध्या रिकामी ठेवा,” प्रीती म्हणली. “त्यांनी वर येऊन मले विचारलं, तं टाकू.”